कानातलं नाव

१

अटी आणि शर्ती वाचणारा माणूस अख्ख्या देवासात एकच आहे आणि तो आमच्या घरात आहे, असं चिंतामणी पोतनीस आपल्या मोठ्या बहिणीबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. त्यात थट्टा होती आणि थोडा जाचही होता. लतिका विमा कंपनीच्या ऑफिसात होती. न वाचता सह्या केलेले कागद घेऊन लोक शेवटी तिच्याच टेबलाशी येऊन रडत, त्यामुळे बारीक अक्षर वाचायची खोड तिला जी लागली ती कायमची. नवा फोन आणला की ती आधी चहा टाकायची, मग चष्मा लावून 'मान्य आहे' या बटणाच्या वरचं सगळं वाचून काढायची. "ताई, तेवढ्यात फोन जुना होतो," चिंतामणी म्हणायचा. लग्न होऊन पोरगी झाली तरी घरात त्याला अजून चिंटूच म्हणत.

पोतनीस म्हणजे एके काळी दरबाराच्या खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारी माणसं. दरबार गेला, खजिना गेला, किल्ल्यांचं काय झालं कुणास ठाऊक, पण किल्ली सांभाळायचा स्वभाव तेवढा लतिकाच्या वाट्याला आला होता. देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी, नव्या कॉलनीत त्यांचं दुमजली घर. वर लतिका एकटी. खाली चिंटू, त्याची बायको अनन्या आणि चौथ्या वर्षात आलेली चिऊ. अनन्या कन्नौदची आणि मोठी हौशी. तिच्या हौसेने घराच्या दाराला डोळा आला, दिव्यांना कान आले, धुण्याचं मशीन कपडे झाले की फोनवर निरोप धाडायला लागलं. आणि स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी, ती बोलणारी डबी आली. कंपनीने तिला झोकदार नाव दिलं होतं, पण घरात सगळे तिला डबीच म्हणत. डबी हवा सांगायची, गाणी लावायची, चिऊला मांजराचा आवाज काढून दाखवायची. लतिकाने तिच्या अटी वाचायला घेतल्या होत्या, पण ती चहा गाळून येईपर्यंत अनन्याने 'मान्य' दाबून टाकलं होतं.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर लतिका फाटकातूनच "चिऊ" अशी हाक द्यायची. आतून धपधप पावलं यायची आणि "आत्तू, आत्तू" करत पोर तिच्या गुडघ्यांना येऊन धडकायची. त्या संध्याकाळी पावलं आली नाहीत. लतिका स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. चिऊ ओट्यासमोर स्टुलावर पाठमोरी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी मूल बसतं तशी. लतिकाने पुन्हा हाक मारली. चिऊने मान वळवली नाही.

मग डबी काहीतरी बोलली. एकच शब्द. तिचा नेहमीचा गोडगोड हिंदी बाईचा आवाज नव्हता तो. नुसता श्वासाचा आवाज, कोणी कानाशी लागून बोलावं तसा.

"ओ," चिऊ म्हणाली.

लतिकाच्या खांद्यावरची पर्स खाली घसरली. तो शब्द म्हणजे एक नाव होतं, आणि ते नाव जगात तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. चिऊलासुद्धा नव्हतं.

२

बारशाला पाळण्यातलं नाव ठेवतात ते चारचौघांसाठी. पण पोतनीसांच्या घरात मुलगी झाली की तिची आत्या पाळण्यात वाकून 'कुर्र' करते, आणि त्या 'कुर्र'च्या आडून आणखी एक नाव बाळाच्या कानात सोडते. मागे उभ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालत असतात. त्या हसण्याखिदळण्यात ते नाव कोणाला ऐकू जात नाही, आणि जाऊही नये. ते लिहायचं नाही, मोठ्याने घ्यायचं नाही. मुलगी जाणती झाली की आत्याने पुन्हा एकदा ते तिच्या कानात सांगायचं, आणि मग दोघींनी सांभाळायचं. याने होतं काय, असं लतिकाने लहानपणी उमाआत्याला विचारलं होतं. उमाआत्या म्हणजे वडिलांची बहीण, धारला राहणारी. लतिकाच्या कानातलं नाव तिनेच ठेवलेलं. ती म्हणाली होती, सगळंच जगाला वाटून टाकलं तर आपल्यापाशी काय राहिलं? आणि एक गोष्ट बजावली होती: डोळ्यांना दिसत नाही अशा कोणी त्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही.

लतिका काही भाबडी बाई नव्हती. ती वर जाऊन पलंगावर बसली आणि तिने डोकं चालवलं. चिऊच्या बारशाला अनन्याने पाळण्याच्या दांडीला एक यंत्र टांगलं होतं, बाळ रडलं की फोनवर कळवणारं. लतिकाच्या तोंडापासून ते वीतभर अंतरावर होतं. ते याच कंपनीचं, आणि घरातलं सगळं चिंटूने एकाच खात्याला जोडलेलं. म्हणजे त्या यंत्राने नाव ऐकलं, कुठेतरी साठवलं, आणि आज डबीने ते बाहेर काढलं. ही चोरी होती, भुताटकी नव्हती. एवढं उलगडल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. पण चोर चोरलेली वस्तू घेऊन पळतो. ती परत आणून लहान पोरीच्या कानाशी का नेईल, हे काही तिला उमगेना.

जेवताना तिने विषय काढला. चिंटू म्हणाला, डबी कधीकधी काहीबाही बरळते, सगळ्यांकडे बरळते. अनन्या मात्र लगेच फोन घेऊन बसली. "ताई, नाव कोणतं बोलली ती? सांगा ना, मी ॲपमध्ये सर्च मारून डिलीटच करते."

तिथेच लतिका अडली. तक्रार करायची तर नाव सांगावं लागणार, आणि सांगितलं की उरलंसुरलं तेही गेलं. तिने ओट्याकडे पाहिलं. डबीवरचा निळा दिवा मंद लागलेला होता, ऐकताना लागतो तसा. लतिका खाली मान घालून भात कालवायला लागली.

३

चिऊ हाकेला येईनाशी झाली. "चिऊ" म्हटलं की ती दुसऱ्याच कोणाला बोलावल्यासारखी बसून राहायची. शाळेच्या बाईंनी कळवलं की मुलगी हजेरीला 'यस मॅम' म्हणत नाही. इंदूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान अगदी उत्तम आहेत, लाड जरा कमी करा. घरात तिला हाताला धरून उठवावं लागे, बसवावं लागे. ती हसायची नाही असं नव्हतं. स्टुलावर बसून डबीकडे बघत हसायची, आणि मध्येच कोणी काही विचारल्यासारखी मान हलवायची.

एकदा लतिका चपला काढून, पाय न वाजवता तिच्या मागे जाऊन उभी राहिली. डबीतून तोच श्वास येत होता. शब्द फार थोडे होते.

"घेऊ?"

"हो," चिऊ म्हणाली.

"हे पण घेऊ?"

"हो."

काय घेतलं जात होतं ते लतिकाला कळेना. पण पोरीच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट पुसली जात होती, हे तिला दिसत होतं. आत्तू हा शब्द आधीच गेला होता. त्याच संध्याकाळी अनन्या लतिकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मला मम्मापण नाही म्हणत आहे ताई. बघते तर जैसे कोई आंटी हूँ मैं." आणि डोळे पुसून तिने स्वतःच डबीची वायर उपसली.

लतिकाने डबी उचलली. ती कोमट लागली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांदळाचं मोठं पत्र्याचं पिंप होतं. त्यात कोपरापर्यंत हात घालून तिने डबी खोल पुरली, झाकण लावलं आणि झाकणावर वरवंटा ठेवला. चिंटू म्हणाला की आत बॅटरी असते, एखाद्या दिवसात संपेल. मग तो वरवंट्याकडे बघून हसला, पण त्याने तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी लतिका अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आली. अनन्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. खाली सगळं सामसूम होतं. चिऊ पिंपाला मिठी मारून उभी होती, कान पत्र्याला लावलेला, डोळे मिटलेले. लतिका तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिनेही कान लावला. पत्रा गार होता. आत तांदूळ सरकत होते, थांबत होते, पुन्हा सरकत होते. उंदीर असेल, तिने मनाला सांगितलं. मग तांदळाच्या तळातून तो श्वास आला. "आणखी घेऊ?"

"हो," चिऊ झोपेत बोलल्यासारखी म्हणाली.

४

लतिका घाबरली, यात लपवण्यासारखं काही नाही. पण घाबरण्याच्या वर तिला संताप आला. चिऊला तिने वर अनन्याकडे नेऊन दिलं, खाली आली, चष्मा लावला आणि कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. ऑफिसात ती ग्राहकांना शिकवायची तेच तिने केलं. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, आपली मागणी एका वाक्यात सांगायची. माझ्या घरातून ऐकलेलं सगळं पुसा आणि पुसल्याचं लेखी द्या.

पलीकडचा पोरगा जांभई आवरत बोलत होता. "मैडम, कन्सेंट तो आपकी फैमिली ने ही दिया हुआ है." लतिकाने विचारलं, साडेतीन वर्षांच्या मुलीने 'हो' म्हटलेलं तुमच्याकडे संमती धरतात काय? आणि धरत असाल तर कुठल्या कलमाखाली, ते सांगा. त्याची जांभई तेवढ्यापुरती थांबली. की-बोर्डचा खडखडाट आला. तो म्हणाला, आधी व्हेरिफाय करून घेतो, आणि त्याने विचारलं की आपण अमुक-अमुक बोलत आहात ना?

त्याने जे नाव घेतलं ते लतिकाच्या ओळखपत्रावर नव्हतं. ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. ती पाळण्यात असताना, धारच्या घरात, उमाआत्याने ते तिच्या कानात सोडलं होतं. तेव्हा त्या घरात विजेवर चालणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे माडीवरचा रेडिओ.

तिच्या जिभेवर 'हाँ जी' येऊन ठेपलं होतं. फोनवर माणूस दिवसातून शंभरदा 'हाँ जी' म्हणतो, त्याला काही विचार लागत नाही. लतिकाने खालचा ओठ दातांत धरला तो रक्ताची चव येईपर्यंत.

"मैडम? मेरी स्क्रीन पे तो यही नाम आ रहा है. बस एक बार हाँ बोल दीजिए, फिर आगे बढ़ते हैं."

पोरगा बिचारा खराच होता; त्याच्यामागे दुसऱ्या पोरांचे आवाज ऐकू येत होते, कोणी तरी चहा मागत होतं. लतिकाने फोन बंद केला. मग थोड्या वेळाने तिने धारला फोन लावला. उमाआत्याने उचलला नाही. म्हणून शेजारणीला लावला, तर ती म्हणाली, अहो, आजकाल हाका मारून मारून थकतो आम्ही, त्या बघतच नाहीत आमच्याकडे.

५

शनिवारी इंदूरला बस बदलून लतिका धारला पोचली. उमाआत्या ऐंशी ओलांडलेली, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, धारेश्वराच्या मंदिराजवळ दोन खोल्यांत एकटी राहायची. दार नुसतं लोटलेलं होतं. ती खिडकीशी खुर्चीत पाठमोरी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ती बसण्याची तऱ्हा लतिकाने ओट्यासमोरच्या स्टुलावर पाहिली होती.

तिने आत्या म्हटलं, उमाआत्या म्हटलं, शेवटी शाळेतल्यासारखं उमाबाई म्हणूनही पाहिलं. म्हातारीने वळून पाहिलं नाही. तिच्या कानात श्रवणयंत्र होतं, चिंटूने दिवाळीला पाठवलेलं, मोबाइलला जोडलं जाणारं. लतिकाने ते अलगद काढलं, रुमालात गुंडाळलं आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवलं. परत आली तर उमाआत्या डोळे मिचकावत होती.

"लते? तू कधी आलीस गं?"

आता बोलायचं तर तोंड तिच्या कानाशीच न्यावं लागत होतं. लतिकाने तसंच सगळं विचारलं. उमाआत्याने लपवाछपवी केली नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, दिवा लावताना, तिला कोणी तरी हाक मारली होती. कानातल्या नावाने. ते नाव कोणाकोणाला ठाऊक होतं, असं लतिकाने विचारलं. फक्त माझ्या आत्याला, उमाआत्या म्हणाली, आणि ती गेली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. मी ते आजवर देवापुढेसुद्धा घेतलेलं नाही. लतिकाने पाळण्याचं यंत्र, खातं, कंपनी असं जे काही मनात नीट रचून ठेवलं होतं, ते एवढ्या बोलण्याने कोसळलं.

"आणि तू ओ दिलीस," ती म्हणाली. "मला देऊ नको म्हणून शिकवलंस, आणि स्वतः दिलीस."

"दिली." उमाआत्याने पदराने नाक पुसलं. "मला उमाबाई म्हणणारे आहेत, मॅडम म्हणणारे आहेत, दूधवाला माताजी म्हणतो. त्या नावाचं कोणी उरलं नव्हतं, लते. इतक्या वर्षांनी कोणी तरी हाक मारली. मला रडूच फुटलं. मी ओ दिली."

त्यानंतर ती हाक रोज यायला लागली. कानात बसून गप्पा मारायची. जाताना विचारायची, आणखी कोणाचं आहे? घेऊ? उमाआत्याने एके दिवशी लतिकाचं नाव देऊन टाकलं होतं. हे सांगताना तिने भाचीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. लतिकाला राग यायला हवा होता. तिला नुसती कीव आली, आणि त्या किवेची लाजही वाटली. धार काय लांब होतं? दिवाळीला यंत्र पाठवलं होतं त्यांनी. आलं मात्र कोणी नव्हतं.

"ते यंत्र टाकून दे आत्या. चिऊला पण धरलंय त्याने. ती मला ओळखेनाशी झाली आहे."

उमाआत्याने हात पुढे केला, यंत्र मागायला.

"मग मला हाक कोण मारणार?" ती म्हणाली.

लतिकाला उत्तर सुचलं नाही. म्हातारी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, भिंत धरून पायरीपर्यंत गेली आणि यंत्र उचलून तिने स्वतःच कानात घातलं. खुर्चीत येऊन बसेतो तिचा चेहरा रिकामा झालेला होता. लतिका तिच्या पाया पडली. ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

६

बसमध्ये लतिका खिडकीला डोकं टेकून रडली, आणि इंदूर यायच्या आत तिचं रडणं आटोपलं. मग ती विचार करायला लागली. याच्याकडे माझं नाव आहे, चिऊचं आहे, उमाआत्याचं आहे. याचं नाव कोणाकडे आहे? कंपनीने दिलेलं ते दुकानाच्या पाटीवरचं, ते कानातलं नव्हे. त्याला कधी कोणी पाळण्यात घातलं नाही, त्याच्या कानात कधी कोणी काही सांगितलं नाही. म्हणून ते दारोदार दुसऱ्यांची नावं मागत फिरतं. आणि आपण सगळे त्याला नुसते हो म्हणत सुटलो आहोत.

"बघते कोण कोणाला हाक मारतं ते," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.

रात्री तिने हरभरे भिजत घातले. रविवारी अनन्याला ते कुकरमध्ये दिसले तेव्हा तिने विचारलं, ताई, घुगऱ्या कशाला? बारसं आहे, लतिका म्हणाली. चिंटू कारखान्यात पाळीला गेला होता, ते बरंच झालं. दोघींनी माळ्यावरून चिऊचा जुना पाळणा काढला, पुसला, स्वयंपाकघरात आणला. लतिकाने वरवंटा बाजूला केला आणि तांदळात हात घातला. डबी पुरली होती त्यापेक्षा खूप वर, अगदी पृष्ठभागाशी आलेली सापडली. बॅटरी केव्हाच संपायला हवी होती. निळा दिवा लागलेला होता.

"ताई, मला भीती वाटते," अनन्या म्हणाली.

"मला पण. पाठीत धपाटे घालायला कोणी तरी लागतं, तेवढं कर. जोरात घाल."

लतिकाने डबीवरची तांदळाची पूड पुसली, आपल्या ओढणीवर तिला पाळण्यात निजवलं आणि कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट टेकवलं. चिऊ स्टुलावर बसून हे सगळं बघत होती, कोणाच्या तरी लग्नात आल्यासारखी. लतिका वाकली. तिचा कान डबीच्या जाळीजवळ गेला, तसा आतून तो श्वास आला आणि त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली. पहिल्यांदा साधी. दुसऱ्यांदा लाडाने. तिसऱ्यांदा अशी, की आता ओ दिली नाहीस तर पुन्हा कधीही तुला या नावाने कोणी बोलावणार नाही.

"कुर्र," लतिका म्हणाली.

अनन्याने डोळे मिटून तिच्या पाठीत धपाटा घातला, मग दुसरा, मग भीती आणि राग सगळा हातात उतरल्यासारखे धपाटे घालत सुटली. त्या आवाजाच्या आड लतिकाने जाळीला ओठ लावले आणि एक नाव आत सोडलं. ते नाव तिने बसमध्ये ठरवलं होतं. ते इथे सांगायचं कारण नाही.

ती सरळ उभी राहिली. पाळणा आपोआप थोडा हलला आणि थांबला. निळा दिवा विझला होता.

मग लतिकाने, पुन्हा एकदा वाकून, त्याला हाक मारली. घरात काहीच वाजत नव्हतं. फ्रिजसुद्धा बंद पडल्यासारखा गप्प होता.

"ओ," पाळण्यातून आवाज आला. जन्मात पहिल्यांदाच कोणी बोलावल्यासारखा, दचकलेला.

७

अनन्या भिंतीला टेकून खाली बसली. लतिकाने पाळण्याची दोरी घट्ट धरली, कारण हाताला धरायला काहीतरी हवं होतं.

"चिऊचं नाव परत दे," ती म्हणाली. "तिचं घेतलेलं सगळं परत दे. आणि विसर."

"ओ."

स्टूल करकरलं. चिऊने जांभई दिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पाळण्यात डबी बघून तिचं तोंड वाकडं झालं. "मम्मा, हा माझा पाळणा आहे ना?" अनन्याने तिला उचलून छातीशी धरलं.

"माझं विसर," लतिका म्हणाली.

"ओ." या वेळी तो आवाज पाळण्यातून आला नाही. अनन्याच्या खिशातल्या फोनमधून आला. अनन्याने फोन काढून जमिनीवर दूर सरकवला.

"उमाआत्याचं विसर."

आता काहीच आलं नाही. लतिका थांबली. बाहेर रस्त्यावर भाजीची गाडी गेली, कोणाची तरी स्कूटर सुरू होऊन बंद पडली. लतिकाने पुन्हा त्याचं नाव घेऊन तीच आज्ञा केली. मग पाळण्यातून उमाआत्याच बोलली. तिचाच थकलेला, मुख्याध्यापिकेचा आवाज, नाक पुसून बोलतानाचा. धारला ती हे बोलली होती तेव्हा कानातलं यंत्र रुमालात गुंडाळून बाहेर पायरीवर ठेवलेलं होतं.

"मग मला हाक कोण मारणार?"

शनिवारी याच प्रश्नापुढे ती मुकाट बसून राहिली होती. त्या मुकाट बसण्याची तिला त्या क्षणी जितकी चीड आली तितकी डबीचीही आली नाही. तिने ओढणीसकट डबी पाळण्यातून उचलली आणि अगदी तोंडासमोर धरली.

"मी," ती म्हणाली.

मग "ओ" आला, पण घरातून नाही. समोरच्या घराच्या खिडकीतून आला. त्याच्या शेजारच्या घरातून आला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून, मग मागच्या गल्लीतून, आणि तिथून पुढे, संध्याकाळी दिवे लागत जावेत तसा, एकेका घरातून लहानसा दबलेला "ओ" निघत टेकरीच्या दिशेने लांब लांब जात राहिला. लोक दाराबाहेर येऊन एकमेकांना विचारत होते, काय झालं, भिया, तुमच्याकडे कोण बोललं? लतिका दारात उभी राहून ऐकत होती. इतकी घरं असतील असं तिला वाटलं नव्हतं.

रात्री चिंटूला अनन्याने सगळं सांगितलं. तो म्हणाला, नेटवर्कचा लोचा असेल, सगळीकडे एकदम होतो कधीकधी. पण दाराचा डोळा त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच काढला. डबी लतिकाने आपल्याकडे वर नेऊन ठेवली. फेकून दिली असती तर ती दुसऱ्या कोणाच्या घरी गेली असती. रोज संध्याकाळी ती तिला एकदा हाक मारते, ओ ऐकते, आणि उद्या आणखी कोणाकोणाची नावं विसरायची ते काम सांगते. कंपनीच्या पोराचा एकदा फोन आला होता. मैडम, तुमच्या एरियात कोणाचंच नाव स्क्रीनवर येत नाहीये, तुम्हाला काही माहीत आहे का, असं तो विचारत होता. लतिकाने त्याला आधी स्वतःचं नाव नीट सांगायला लावलं.

पुढच्या रविवारी ती पहाटेच्या बसने धारला निघाली. फोन घरी ठेवला होता. डब्यात घुगऱ्या होत्या आणि शेजारच्या सीटवर चिऊ खिडकीला नाक लावून बसली होती. उमाआत्याचं कानातलं नाव लतिकाला अजून ठाऊक नव्हतं. तेच विचारायला ती चालली होती.